हळदीचा सरवा

आमच्या घरात संशय मिठासारखा रोज लागायचा. आबा, म्हणजे माझे वडील, बाजारात तराजूचं रिकामं पारडं आधी हलवून बघत आणि मगच वांगी घालू देत. बांधावरच्या म्हसोबाला फोडायचा नारळसुद्धा ते कानाशी धरून हलवत. "देव बोलत न्हाई म्हणून त्याला खवट द्यावं काय?" असं वर म्हणत. मी त्यांचाच लेक. कोणी जरा गोड बोललं की माझा हात आधी खिशाकडे जातो.

आई अगदी उलट. तिचा एकच नेम होता, की भुईतून सगळं खरवडून नेऊ नये. "भुई देती, तर तिला थोडं ठिवावं," एवढंच ती सांगायची. आम्ही बापलेक ते ऐकायचो आणि सोडून द्यायचो.

कुरुंद्याजवळ आमचं हळदीचं वावर आहे. हळद खणून झाली, बायांनी वेचून नेली, की मातीत चुकून जे राहतं त्याला सरवा म्हणतात. तो ज्याला हवा त्यानं वेचून न्यावा, मालकानं त्यावर हक्क सांगू नये, अशी रीत. आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारी एक विधवा म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती दिवसभर आमची हळद वेचायची आणि वावर मोकळं झालं की तिथेच सरवा वेचायची.

तिचं गाठोडं फार जड असायचं. दुसऱ्या बायांना ओंजळभर हळद मिळे, हिला पाटीभर. चुकून एवढं राहतं होय? मला वाटलं, दिवसा हीच गड्डे मातीत दाबत असणार आणि संध्याकाळी हीच उकरून नेत असणार. मी आबांना बोललो. मला वाटलं, ते काठी घेऊनच उठतील. पण ते म्हणाले, "सरव्याकडं पाहू न्हाई." आबा आता म्हातारे झाले, असं मी मनाशी धरलं.

मग मीच पाळत ठेवली. ही गोष्ट गेल्या सालची. बाया दुपारी भाकरी खायला लिंबाखाली बसल्या, तेव्हा मी वेचून झालेल्या भागात उकरत निघालो. जरा माती बाजूला केली तर चांगले मुठीएवढे गड्डे, एकापुढे एक, वरून माती थापटलेली. चुकून राहिलेली हळद अशी ओळीनं बसत नसते. मी ते गड्डे पंच्यात भरून लिंबाखाली नेले आणि सगळ्यांसमोर मावशीपुढे ओतले.

"हे काय हाय, मावशी? खाल्ल्या घरचे वासे मोजून राहिली तू!"

मावशीनं गड्ड्यांकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. तिथे आई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. मावशी म्हणाली, "व्हय, माह्याच हातनं राह्यले असतील." उरलेली भाकरी तिनं फडक्यात बांधली आणि निघून गेली.

संध्याकाळी आई चुलीपुढे बसून रडायला लागली. "ते मी दाबले व्हते. लगीन होऊन आले तव्हापासून दाबते."

"मग तिथं काहून बोलली न्हाईस?"

"तुझे आबा व्हते ना बांधावर. त्यांना कळलं तर पुढच्या साली एक कांडं राहू देणार न्हाईत. सांगू नको त्यांना. आन् तिची माफी माग. माह्यापायी चोर ठरली ती."

मला आईचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. मी शब्द दिला, आबांना सांगणार नाही. माफीचं मात्र उद्या-उद्या करत राहिलो. मावशी आमच्या वावरात परत आली नाही. दुसरीकडे ती कामाला गेली की लोक तिच्या ओटीकडे बघत. आई दोनदा तिच्या घरी जाऊन आली, मी नाही गेलो. त्याच पावसाळ्यात आई वारली.

यंदा हळद निघाली तेव्हा मी मावशीच्या दारात गेलो. तिनं बसायला टाकलं, चहा ठेवला, आणि म्हणाली, "इथं येऊन काय बोलतो? जिथं बोलला तिथं बोल."

तिचं बराबर होतं. पण तिथे आबा असणार. मावशीवरचा डाग धुवायचा तर आईला दिलेला शब्द मोडायचा. रात्रभर डोक्यात तेच.

सकाळी मावशी कामावर आली. दुपारी लिंबाखाली, त्याच बायांसमोर मी सांगितलं, की मावशीनं काही चोरलं नव्हतं, हळद माझ्या आईनं दाबली होती, मी खोटा आळ घेतला. आबा जवळच काठी टेकून उभे होते. आता मेलेल्या आईच्या नावानं शिव्या ऐकाव्या लागणार, या भीतीनं मी खाली मान घालून उभा राहिलो. आबा काठी टेकत वावराकडे चालू लागले.

संध्याकाळी मावशीनं सरवा वेचला. गाठोडं जड होतं. खोड कुठली जाते, मला परत संशय आला. आई तर नाही, मग आता कोण? तेवढ्यात मावशीनंच मला बाजूला बोलावलं.

"ज्यानं कुणी दाबलं त्याला सांग, काठीचं भोक बुजवत जा म्हणावं. दुरून दिसून राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. आबांना वाकवत नाही. ते गड्डा पायानं सरकवत आणि काठीच्या टोकानं मातीत दाबत. एवढा संशयी माणूस, आणि इतकी वर्षं बायको काय करते हे त्याला कळलंच नाही? मला हे अजूनही पटत नाही.

मी चार पावलं मागे राहून पायानं भोकं बुजवत चाललो. आबा गर्रकन वळले.

"माह्या मागं मागं काहून येऊन राहिला?"

"पडाल म्हणून."

नारळ पारखावा तसं त्यांनी मला नीट न्याहाळलं, आणि पुढचा गड्डा पायाखाली ओढला.