‘वारोबरो’वरचे शुक्रवार

आमच्या बोटीच्या तळाशी दर शुक्रवारी दोन गोष्टी साठतात. बादलीभर पाणी आणि एक किस्सा. पाणी उपसता येतं. किस्से मात्र तसेच राहतात, आणि एक दिवस बोट त्यांच्याच वजनाने बुडणार आहे, असं काकूचं मत आहे.

आधी माणसं सांगते. माझे काका पुण्याचे. मस्कतमध्ये प्रोजेक्ट इंजिनीअर होते, आता निवृत्त. काकू वादी कबीरच्या शाळेत गणित शिकवते, अजून निवृत्त नाही आणि तसा विचारही नाही. डॉक्टर कर्णिक हे निवृत्त डेंटिस्ट. त्यांना बोट लागते, पण जेवणासाठी ते तेवढं सहन करतात. परब भाऊ देवगडकडचे. तीस वर्षं क्रेन चालवली, त्यातली बरीच दुक्मच्या बंदरात, आता निवृत्तीला आलेले. आणि मी, पर्यावरणात एम.एस्सी. करून नोकरीसाठी इथे आलेली आणि काका-काकूंच्या फ्लॅटमधली एक खोली अडवून बसलेली पुतणी.

नोकरी संपल्यावर इथे राहायचं तर व्हिसाला काहीतरी आधार लागतो. डॉक्टरांचा व्हिसा त्यांनी विकत घेतलेल्या फ्लॅटवर आहे. भाऊंचा कंपनीवर होता. आणि काकांचा काकूवर!

*

इथून कुणी कायमचं परत गेलं की ‘गेला’ म्हणत नाहीत, ‘कॅन्सल झाला’ म्हणतात. व्हिसा कॅन्सल होतो, त्याबरोबर माणूसही.

एकदा पाहुण्यांसमोर काका म्हणाले, “आज आमटीत मीठ जरा जास्त झालंय.”

काकूने मान वर न करता सांगितलं, “अजून एक शब्द बोललात तर कॅन्सल करीन!”

काकांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.

हा विनोद पुढे सगळ्या मस्कतभर झाला. फक्त भाऊंसमोर आम्ही तो करत नव्हतो. त्यांची कंपनी वर्षअखेरीस त्यांना खरंच कॅन्सल करणार होती. बायको वारलेली, मुलगा नालासोपाऱ्याला एका खोलीत. एकदा मी विचारलं, “भाऊ, गावी गेल्यावर काय करणार?”

“काय करतलंय गो बाय? होडी इकूनच तर हय इलंय.”

*

बोट आम्ही एका फ्रेंच जोडप्याकडून घेतली. छोटी, एका शिडाची, आत एक शेगडी. नवरा-बायको निवृत्त होऊन फ्रान्सच्या अगदी मधल्या कुठल्याशा खेड्यात राहायला निघाले होते. तिथे शेळ्या पाळणार, चीज करणार.

काका हबकले. “अहो, पण तिथे समुद्र?”

“नाही. तुमच्या पुण्याला आहे?”

“नाही.”

“मग झालं तर. आपण जागा बदलतोय.”

बोटीवर फ्रेंच नाव रंगवलेलं होतं. काका ते ‘बॉन व्हेंट’ वाचत, डॉक्टर ‘बोन व्हेंट’. शेवटी मी फोनवर अर्थ शोधला. चांगला वारा.

“म्हणजे ‘वारो बरो’,” भाऊ म्हणाले.

फ्रेंच अक्षरं अजून तशीच आहेत. बोट मात्र ‘वारोबरो’ झाली.

*

निघण्याआधी त्या जोडप्याला आम्ही बोटीवर जेवायला बोलावलं. भाऊंनी सिदाबच्या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून सकाळीच सुरमई आणली होती. तळलेल्या तुकड्या, तिरफळ घातलेली आमटी, भात. फ्रेंच गृहस्थ एकही शब्द न बोलता जेवले. त्यांच्या देशात हा सन्मान असतो म्हणे.

मग भाऊंनी थर्मासमधून सोलकढी ओतली. गृहस्थांनी ग्लास उन्हात धरला, गुलाबी रंग पाहिला, हलकेच गोल फिरवला, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला. डोळे मिटले. मग गंभीरपणे भाऊंना इंग्रजीत विचारलं, “कुठल्या वर्षाची?”

मी भाषांतर केलं.

भाऊ म्हणाले, “सकाळची.”

*

माझ्यावरही किस्से आहेत, लपवत नाही. बोटीवर प्लॅस्टिक बंद, हा नियम मी पहिल्याच महिन्यात केला. पिशव्या गेल्या, बाटल्या गेल्या, सगळं स्टीलच्या डब्यांत. त्याच शुक्रवारी बोट कलली आणि डॉक्टरांच्या कोलंबीच्या खिचडीचा चार पुडांचा डबा घरंगळत थेट पाण्यात गेला.

डॉक्टर बराच वेळ बुडबुड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “समुद्राला स्टील चालतं ना गं?”

दुसरी गोष्ट मला खरंच खुपायची. बोटीवर समुद्र कळणारा माणूस एकच, आणि तो शेगडीपाशी! काका सुकाणू धरणार, कारण ते साहेब. त्यांच्याकडे कोर्सचं सर्टिफिकेट, कॅप्टन लिहिलेली टोपी, वाऱ्याचं अ‍ॅप. भाऊ तीन पिढ्यांचे दर्यावर्दी, आणि ते कांदा चिरणार, कारण एके काळी ते काकांच्या हाताखाली होते. एका शुक्रवारी मी उभी राहिले आणि हे सगळं बोलून टाकलं. समता, श्रमप्रतिष्ठा, काहीच सोडलं नाही.

काका समुद्राकडे बघायला लागले.

शेवटी काकूने ताट पुढे केलं. “झालं भाषण? मग हे लिंबू पिळ.”

सगळ्यात राग आला तो भाऊंचा. सगळ्यात मोठ्याने तेच हसले!

*

काकांच्या टोप्यांचा हिशेब असा.

भाऊ खाली शेगडीपाशी असायचे. वर न बघता म्हणायचे, “वारो फिरलो.”

काका फोन बघायचे. “अ‍ॅपमध्ये तसं काही दाखवत नाही.”

मग शिडाचा आडवा दांडा सण्णकन या बाजूकडून त्या बाजूला यायचा. काका खाली वाकायचे. टोपी नाही वाकायची. एका हिवाळ्यात तीन टोप्या गेल्या.

सिदाबच्या कोळ्यांना हे सगळं किनाऱ्यावरून दिसत असणार. बोट चालवणाऱ्याला ते ‘नोखदा’ म्हणतात. आमचा ‘नाखवा’ तो हाच, असं भाऊंनी मला सांगितलं. आम्ही किनाऱ्याला लागलो की ते भाऊंना हाक मारत, “अहलन, नोखदा!”

काकांना म्हणत, “हॅलो, हबीबी!”

काका मग घरी येईपर्यंत अ‍ॅप बघत बसायचे.

*

नोव्हेंबरात भाऊंच्या हातात कंपनीचं पत्र पडलं. महिनाभरात कॅन्सल. त्या शुक्रवारी सुरमई शिल्लक राहिली, यावरून काय ते समजा.

तोडगा काकूने काढला. घरकामासाठी माणूस ठेवता येतो, आपण भाऊंना आपल्या व्हिसावर घेऊ. काका व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. तिथला माणूस म्हणाला, घरकामात ड्रायव्हर, माळी किंवा कुक, बोला. भाऊंकडे गाडीचं लायसन्स नव्हतं. फ्लॅटला बाग नव्हती. काकांनी ‘कुक’ लिहिलं.

मी भडकले. “तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस! आणि रेसिडेंट कार्डावर तुम्ही स्वयंपाकी लिहिणार? भाऊ, तुम्ही सही करू नका!”

भाऊंनी सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाय, कार्डावर कायव लिवांदे. वाऱ्याक वाचूक थोडाच येता?”

काकूने कागद पर्समध्ये ठेवला. “चला. आजपासून तुमची मालकीण, अर्बाब, मी.”

“होय, अर्बाब,” भाऊ म्हणाले.

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सवय होते, भाऊ.”

*

कार्ड आल्यानंतरचा पहिला शुक्रवार. बोट किनाऱ्यापासून सुटली. भाऊ नेहमीप्रमाणे शेगडीकडे निघाले. काका सुकाणूचा दांडा धरून बसले होते. एकदम उठले. चौथी, कोरी टोपी काढून त्यांनी बाकावर ठेवली.

“भाऊ, जरा हे धरता का? मला... आमटी बघायची आहे.”

भाऊंनी दांडा धरला. मी भाषण केलं नाही, आणि हे माझ्यासाठी किती अवघड होतं हे ओळखीच्यांना कळेल. बोट वळली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच डॉक्टरांना बोट लागली नाही. काकांची आमटी लागली.

*

आणि हा फेब्रुवारीतला किस्सा.

किनारा दूर राहिला होता. छान वारा, शीड भरलेलं. भाऊ सुकाणूवर. काकू पुढच्या टोकाला पाय सोडून वह्या तपासत होती. काका शेगडीपाशी, कमरेला काकूचा एप्रन, हातात डाव. डॉक्टर दर पाच मिनिटांनी “झालं का?” विचारत होते.

कोस्टगार्डची लाँच शेजारी येऊन थांबली. तरुण अधिकारी, काळा चष्मा. “गुड मॉर्निंग. कार्ड्स, प्लीज.”

आम्ही कार्डं दिली. तो एकेक वाचू लागला. भाऊंच्या कार्डावर त्याचं बोट थांबलं.

“कुक?”

“कुक,” भाऊ म्हणाले. दांडा त्यांच्या हातातच होता.

कार्डावर एक काम आणि हाताला दुसरं, असं सापडलेल्या माणसांच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकल्या होत्या. तिथून पुढे एकच शब्द येतो, आणि त्याचा विनोद तेव्हा कुणालाच सुचला नाही. काकूचं लाल पेन हवेत थांबलं होतं.

अधिकाऱ्याने काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बोटीचं लायसन्स काकांच्याच नावावर. ‘येस’ म्हटलं की चौकशी संपली. चार वर्षं काका या प्रश्नाची वाट पाहत होते.

“यू कॅप्टन?”

काकांनी भाऊंकडे पाहिलं. मग डावाकडे. मग ताठ उभे राहून म्हणाले,

“नो सर. हसबंड.”

अधिकाऱ्याने चष्मा काढला. काकांचं कार्ड पाहिलं, एप्रन पाहिला, पुढे बसलेल्या काकूला पाहिलं. मग बराच वेळ दांड्यावरच्या भाऊंच्या हाताकडे पाहत राहिला. सगळी कार्डं एकत्र करून त्याने ती भाऊंच्या हातात दिली.

“यल्ला, नोखदा!”

लाँच गेली. लाटेवर आमची बोट दोनदा वर-खाली झाली. काका डाव धरून तसेच ताठ उभे.

भाऊंची नजर शिडावर होती. मागे न बघताच ते म्हणाले,

“साहेब, आमटी लागली.”