पुडीला औषध म्हणत नाहीत

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका क्लासमध्ये मी बारा वर्षांपासून विज्ञान शिकवतो. 'पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, शत्रू आला की ते त्याला मारतात आणि माणूस बरा होतो' हे वाक्य मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. हल्ली ते सांगताना जीभ अडखळते. ते खोटं आहे असं म्हणवत नाही, पण खरं आहे असंही वाटत नाही.

आई दर्यापूरजवळच्या गावी धाकट्या भावाकडे असते. आमचं घर भाजीपाल्याचं. मेथी उपटायची, जुड्या बांधायच्या, पहाटेच्या गाडीनं बाजारात पाठवायच्या, यातच तिचा जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी सकाळी तिची बोटं वळेनाशी झाली. सांधे सुजले, जुडीला गाठ मारता येईना. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांधेवाताच्या गोळ्या दिल्या आणि गुण हळूहळू येईल असं सांगितलं.

"हळूहळू म्हंजे कवा?" आई म्हणाली. "मी गेल्यावर?"

मग कुणीतरी अकोल्याकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा पत्ता दिला. ते रविवारी पुडी द्यायचे. मी गेलो. विज्ञानाचा मास्तर असूनही गेलो, आणि रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त मुख्याध्यापक उभे आहेत हे बघून मला बरंही वाटलं. कागदाच्या घडीत करड्या रंगाची भुकटी होती. उपाशीपोटी, मधात, पूर्वेकडे तोंड करून घ्यायची. वांगं बंद, आंबट बंद. घरी आल्यावर आईनं पुड्या देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवल्या. अमरावतीच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या डब्यात होत्या, त्या तिथेच राहिल्या आणि नंतर विसरल्या गेल्या.

आठ दिवसांत आई जुड्या बांधायला लागली. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. तिनं दोन्ही हात माझ्या तोंडापुढे नाचवले आणि मुठी वळून दाखवल्या. त्यानंतर वर्षभर दर महिन्याला मी अकोल्याची बस पकडत राहिलो. भाऊ सगळ्यांना सांगायचा, दादानं मायचे हात परत आणले.

यंदा हिवाळ्यात त्या गृहस्थांच्या घरी लग्न निघालं आणि तीन आठवडे पुडी मिळाली नाही. पहिल्या आठवड्यात आईचे सांधे धरले. दुसऱ्या आठवड्यात तिला अन्न जाईना. तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला.

"दादा, मायचे डोये पिवये दिसून राहिले. पुडी बंद झाली म्हनूनच झालं हे. तू लवकर घेऊन ये."

मलाही तेच पटलं. पुडी होती तोवर आई बरी होती, पुडी गेली आणि आई पडली. असा सरळ हिशेब समोर असताना दुसरं काही कुणाला सुचेल? रविवारी मी धावत जाऊन पुड्या आणल्या आणि मगच तिला अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं. हिपॅटायटिस बी निघाला. आम्ही घाबरलो, पण त्यांना वेगळंच कोडं पडलेलं दिसलं. त्या म्हणाल्या, संसर्ग जुना दिसतो, कदाचित लहानपणापासूनचा. इतकी वर्षं शरीरानं तो दाबून ठेवला होता, मग आत्ताच का उसळला?

"मावशी, कोणती औषधं चालू आहेत?"

"काईच नाई, बाई," आई म्हणाली.

"तुम्ही सांगा," त्या माझ्याकडे वळल्या. मी स्वयंपाकघरातला डबा सोबत आणला होता. तो टेबलावर ठेवला आणि म्हणालो, या गोळ्या होत्या, वर्षभर बंद आहेत. मी काही लपवत नव्हतो, खरंच सांगतो. पुडी माझ्या डोक्यात आलीच नाही. आमच्या घरी औषध डब्यात असतं. देव्हाऱ्यात असतं ते औषध नसतं. एकादशीला काय खाल्लं हे जसं कुणी डॉक्टरला सांगत नाही, तशी पुडीही सांगायची गोष्ट नव्हती. पुढच्या खेपेलाही त्यांनी तेच विचारलं आणि आम्ही तेच उत्तर दिलं.

तिसऱ्या खेपेला नंबर लवकरचा होता, म्हणून आई घरून उपाशीच निघाली होती. डॉक्टरबाई रिपोर्ट वाचत असताना तिनं कमरेची पिशवी सोडली, मधाची बाटली काढली आणि पूर्व कुठे आहे ते मला विचारलं.

"थांबा जराशा, बाई. मी माही पुडी घेऊन घेतो."

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. तो कागद आईच्या हातातून हळूच घेतला, उघडला, आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपेक्षा दोन थोबाडीत बसलेल्या परवडल्या असत्या.

मग त्यांनी समजावलं. असल्या पुडीत बहुतेक स्टेरॉईड मिसळलेलं असतं. आईच्या पेशी त्या विषाणूला कधीच मारून संपवू शकल्या नव्हत्या. त्या यकृतात त्याच्यावर नजर ठेवून बसल्या होत्या, डोकं वर काढेल तिथे दाबत होत्या. अशी साठेक वर्षं गेली आणि आईला कळलंही नाही. पुडीनं त्या पेशींना गप्प केलं. विषाणू निवांत वाढला. मग पुडी अचानक थांबली, पेशी जाग्या झाल्या आणि विषाणू ज्यात शिरला होता त्या यकृतावरच तुटून पडल्या. कावीळ त्यातून झाली.

"म्हणजे कावीळ विषाणूनं नाही केली? पेशींनी केली?" मी विचारलं.

"विषाणूमुळे झाली. पण नुकसान मुख्यतः पेशींच्या हल्ल्यानं होतं."

"आणि सांधे?"

"तिथेही आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटलेली असते."

तिचं यकृत साठ वर्षं राखलं ते पेशींनी, बिघडवलं तेही पेशींनी, आणि बोटंही त्यांनीच वाकडी केली. शिवाय पुडी सुरू असताना आई हसतखेळत होती, तेव्हा आत सगळं बिघडत होतं, आणि पिवळी पडली तेव्हा आतले पहारेकरी कामावर परतले होते. बसमध्ये मी वहीत बाण काढून हे मांडायचा प्रयत्न केला. तीनदा मांडलं, तिन्ही वेळा गोंधळलो. मुलांना मी हे पाच मिनिटांत शिकवतो.

एक मात्र कोणत्याही बाणाशिवाय कळत होतं. पुड्या मी आणल्या होत्या. एक महिना चुकवला नव्हता.

विषाणू आवरायची रोजची गोळी सुरू झाली. पुडी एकदम तोडणंही धोक्याचं, म्हणून त्याऐवजी मोजून दिलेली गोळी, दर पंधरवड्याला कमी होत जाणारी. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, आम्ही सुटलो, लस घेतली. आईचे डोळे पांढरे व्हायला दोन महिने लागले. बाई म्हणाल्या, आता जिवाची भीती नाही, पण ही गोळी सोडायची नाही. यकृत आणखी थोडं सावरलं की सांध्यांसाठी जपून दुसरं औषध देऊ. तोवर दुखणं सोसावं लागेल.

आई सोसते आहे. हात पुन्हा सुजलेत. चहाचा कप दोन्ही तळव्यांमध्ये धरून पिते, साडीच्या निऱ्या भावजय घालून देते. गेल्या रविवारी गावी गेलो तर ती अंगणात बाजेवर बसली होती. भाऊ मळ्यात गेल्याची तिनं खात्री केली आणि मला जवळ बोलावलं.

"बाबू, एक डाव पुडी आन."

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? जीव जाईल त्यानं."

"मले मालूम हाय. म्हनूनच तुले सांगून राहिली. दुसरं कोनी आननार नाई."

ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. हक्कानं मागत होती. मी एक नव्हे, बारा वेळा आणली होती, आणि ती मरू शकली असती तेव्हाही तिनं मला चांगला मुलगाच म्हटलं होतं.

"नाही आणणार," मी म्हणालो.

मग माझ्या गुडघ्यावर ठेवलेला तिचा सुजलेला हात तिनं उचलून घेतला आणि म्हणाली, "मंग काहून आला तू?"