शिपाईमामांची बॅच

सगळ्यात जास्त ऋण माझ्यावर कुणाचं असेल, तर ते आमच्या शाळेच्या शिपाईमामांचं. घरी एक खोली आणि सहा माणसं. दहावीचं अख्खं वर्ष मामांनी माझ्यासाठी रोज सकाळी सहाला वर्ग उघडला. ते झाडत पुढं सरकायचे, मी बाक बदलत वाचत राहायचो.

एकदा त्यांनी विचारलं, "सर लोक सारखं बॅच बॅच करत्यात. बॅच म्हंजी काय रं?"

मी सांगितलं, "एकदम येतात आणि एकदम जातात, ती पोरं."

"मंग माजी कोणती?" म्हणून ते हसले आणि घंटा द्यायला गेले.

पुढं पदवी घेतली, घरातली पहिली, आणि चाकणला रबरी सील बनवणाऱ्या कंपनीत लागलो. इथं तो शब्द उठता-बसता कानावर येतो. एका वेळी मळलेलं रबर म्हणजे बॅच. कॅन्टीनमध्ये जेवायला बसतात तीही बॅच. प्रत्येक बॅचमधला एक नग मी चिठ्ठी लावून रॅकवर ठेवतो. बाकीचे गाड्यांतून जातात. पुढं तक्रार आली, तर ताडून पाहायला तो एक असावा लागतो. आमच्या शिकाऊ बॅचमध्ये बारा जण होतो. अकरा जण दुसरीकडं गेले. रहाटणीच्या खोलीत आम्ही तिघं राहतो, पण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या. मी पोचतो तेव्हा एक झोपलेला असतो, दुसरा बाहेर पडलेला. सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी ज्याला फोन करावा, तो कामात असतो.

यंदा शाळेच्या बॅचचा मेळावा ठरला, तोही रविवारी. ग्रुपवर एकानं टोमणा मारला, "साहेब यंदा तरी येणार, का नुसता अंगठा देणार?" मी अंगठाच दिला. मग सत्काराची यादी आली. नऊ शिक्षकांची नावं होती, मामांचं नव्हतं. 'मामा राहिले' असं मी लिहिलं आणि खोडलं. जो कधी जातच नाही, त्यानं यादीत चूक कशी काढायची, असं वाटलं.

रविवारी जेवणाच्या सुट्टीत फोटो आले. प्रत्येक फोटोत कडेला मामा होते, इस्त्रीची टोपी घालून, हातात शालींचं तबक धरून. फोटोगणिक तबक रिकामं होत गेलं. शेवटच्या फोटोत ते त्यांनी काखेत धरलं होतं.

त्याच आठवड्यात मी पोस्टानं पत्र पाठवलं:

"मामांना नमस्कार. यादीत तुमचं नाव नाही हे मला आधीच दिसलं होतं. मला कुणी अडवलं नव्हतं, तरी मी बोललो नाही. चूक माझी आहे. तुमची बॅच कोणती, हे तुम्ही विचारलं होतं. आता मी माझ्या बॅचची नावं आठवतो, तेव्हा पहिलं तुमचंच येतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येतो. तेव्हा शाळा चालू असेल. सहाला वर्गापाशी पोचेन. शाल आणत नाही, तुम्ही ती नुसती पेटीत ठेवाल. त्या दिवशी झाडू माझ्याकडं द्या आणि तुम्ही बाकावर बसा."