अवर सचिव झाल्यावर उघडणे

रेश्मा शेखचा अर्ज नाकारणारी नोट मी तीन ओळींत लिहून ठेवली होती. ती न पाठवता मी स्वतःलाच लिहिलेलं एक उपदेशाचं पत्र डायरेक्टर मॅडमना पाठवलं. सरकारी फाइलवर, डिजिटल सही करून.

हे कसं जमलं ते सांगतो, कारण असं जमवायला थोडं कौशल्य लागतं.

दिल्लीतल्या मंत्रालयांत आता कागदी फायली फारशा उरलेल्या नाहीत. सगळं ई-ऑफिसवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालतं. त्यात नोट दोन प्रकारची. यलो नोट म्हणजे कच्ची. लिहा, खोडा, फेकून द्या, कुणी विचारत नाही. ग्रीन नोट म्हणजे पक्की. सही करून वर पाठवली की ती त्या फाइलवर कायमची. मग ती साक्षात सेक्रेटरींनाही पुसता येत नाही, तर मला कुठून येणार? मी अवर सचिव, म्हणजे अंडर सेक्रेटरी. सांगलीत हे पद ऐकून लोक खुर्ची रिकामी करून देतात. दिल्लीत अंडर सेक्रेटरी लिफ्टच्या रांगेत उभे असतात.

आता पत्राविषयी. अठरा वर्षांपूर्वी मी याच मंत्रालयात असिस्टंट म्हणून लागलो. वय सत्तावीस, आणि आदर्श इतके की ठेवायला जागा नाही. एका रविवारी त्या भरात मी पुढच्या काळातल्या साहेब-मला पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, डिंक लावला आणि वर लिहिलं, ‘अवर सचिव झाल्यावर उघडणे’. मागच्या वर्षी अवर सचिव झालो. पाकीट उघडायचं राहून गेलं.

मग राजिंदर नगरमध्ये यूपीएससीची तयारी करणाऱ्या आपल्या मराठी मुलांनी मला भाषणाला बोलावलं. विषय, ‘प्रशासनातील मूल्ये’. सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी दोन संध्याकाळी मूल्यं आठवत बसलो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, तुमचं ते पाकीट आहे ना कपाटात? त्यात असतील.”

होती. एकूण पाच. भाषणासाठी ते अख्खं पत्र मी ऑफिसात लंच टाइममध्ये, एका बोटाने, वर्डमध्ये टाइप करून घेतलं.

राहिली रेश्मा. ही माझ्या सेक्शनमधली असिस्टंट सेक्शन ऑफिसर. वर्ध्याची. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, वडील एकटे, त्यांनाही नीट दिसत नाही. तिने दोन वर्षांचं डेप्युटेशन मागितलं होतं. म्हणजे नोकरी इथलीच, पण बसायचं आमच्या नागपूरच्या ऑफिसात. तिथली जागा रिकामी होती, पण महिनाअखेरपर्यंत ती रुजू झाली नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार होते.

अर्जात खोट काहीच नव्हती. खोट होती ती माझ्यात. माझ्या सेक्शनचं ई-ऑफिस म्हणजे रेश्मा. ती ड्राफ्ट करायची, नियम शोधायची, अटॅचमेंट लावायची आणि म्हणायची, “सर, आता इथे फक्त क्लिक करा.” मी क्लिक करायचो आणि माझ्या कामाच्या उरकाचं मॅडम कौतुक करायच्या. ही मुलगी नागपूरला गेली की माझं पितळ दुपारच्या जेवणाआधी उघडं पडलं असतं.

सरकारात थेट नाही म्हणायचं नसेल तर प्रश्न विचारतात. मी आधी विचारलं, पूर्वी असं कुणाला पाठवलंय का? तिने तीन उदाहरणं दिली. मग म्हटलं, वैद्यकीय कागद जोडा. तिने जोडले. मग मी एक्स-रेची साक्षांकित प्रत मागितली. एक्स-रेवर सही-शिक्का कुठे मारतात हे मला आजही माहीत नाही. तिने मात्र तीही आणली.

प्रश्न संपले तेव्हा नकार लिहायला घेतला. ‘इन व्ह्यू ऑफ शॉर्टेज ऑफ स्टाफ, रिक्वेस्ट मे बी रिग्रेटेड.’ सरकारी इंग्रजीत रिग्रेट म्हणजे खेद नव्हे, सरळ नकार. खेद समोरच्याने करायचा.

माझ्या सगळ्या नोटा रेश्मा लिहायची. तिच्याच अर्जावर तिच्याकडून नकार लिहून घेणं मला बरं वाटलं नाही. तेवढी माणुसकी शिल्लक होती, आणि त्या माणुसकीनेच घात केला. मी एकटा ई-ऑफिससमोर बसलो. वर्डच्या दोन फायली उघड्या होत्या, नोट आणि भाषण. इतक्यात राजिंदर नगरहून फोन आला, “सर, प्रोजेक्टर लागेल का?” बोलता बोलता मी कॉपी केलं, ग्रीन नोटमध्ये पेस्ट केलं, ओटीपी टाकला आणि क्लिक केलं. रेश्माने शिकवलं होतं तसंच.

फोन ठेवून स्क्रीनकडे पाहिलं. तीन ओळींची माझी नोट पानभर झाली होती. पहिली ओळ होती, ‘प्रिय साहेब, ओळखलंत का?’

घाम फुटला म्हणजे नेमकं काय होतं ते मला एसीत बसून कळलं. मदत मागणार कुणाची? मंत्रालयात असा एकच माणूस होता.

“रेश्मा, समज एखादी फाइल चुकून वर गेली, तर परत ओढता येते का?”

“येते ना सर. पुल बॅक. पण समोरच्याने उघडली नसेल तरच. कुठली फाइल?”

“असंच, एक साधी.”

ती उठून माझ्या टेबलाशी आलीसुद्धा. फाइलचं नाव वाचलं. “सर, ही माझी फाइल आहे.” मग ग्रीन नोट वाचली आणि गोंधळली. मग शेजारी उघडी राहिलेली तीन ओळींची नोट वाचली. त्यानंतर ती गोंधळलेली नव्हती.

“मॅडमनी चार मिनिटांपूर्वी उघडलीय, सर. आता काही होणार नाही,” ती म्हणाली. “पत्र छान आहे,” असंही म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिने मला चहा हवाय का विचारलं नाही. मीही तिच्याकडे पाहण्याचं काम पुढे ढकललं.

डायरेक्टर सक्सेना मॅडम मूळच्या लखनौच्या. मराठी येत नाही. तासाभरात त्यांचा शेरा आला, “नोट समझ नहीं आया. हिंदी सेक्शन अनुवाद करे. तत्काल.” खरी पंचाईत सुरू झाली ती इथून पुढे. कारण पत्रातल्या तिसऱ्या परिच्छेदात सक्सेना मॅडम होत्या. नावानिशी.

दुसऱ्या दिवशी हिंदी सेक्शनमध्ये मराठी येणारे एकटे त्रिपाठीजी स्वतः आले, चष्मा कपाळावर. “देवकर जी, तीस साल की नौकरी में ऐसा नोट नहीं देखा. ये ‘साहेबी डोक्यात जाऊ देऊ नकोस’, ये आदेश है या निवेदन?”

“त्रिपाठीजी, तिसरा पॅरा गाळता येईल का?”

“अनुवादक का धर्म होता है, देवकर जी,” असं म्हणून त्यांनी चष्मा खाली घेतला. पाचपैकी तीन मूल्यं याच अर्थाची होती, म्हणून मी वाद घातला नाही.

अनुवाद फाइलवर चढला. माझ्या तरुण रक्ताचं सरकारी हिंदीत असं झालं होतं: ‘अधोहस्ताक्षरी को परामर्श दिया जाता है कि साहब होने का भाव मस्तिष्क में प्रविष्ट न होने दें.’ अधोहस्ताक्षरी म्हणजे खाली सही करणारा. म्हणजे मी. त्याच दिवशी मॅडमचं बोलावणं आलं.

त्यांनी अनुवादाची प्रिंट काढून घेतली होती. एकाच परिच्छेदाखाली लाल रेघ. “बैठिए. पैरा तीन पढ़िए. ज़ोर से.”

मी वाचलं. माझं मूळ मराठी साधारण असं होतं: ‘कुणाचा अर्ज टेबलावर पाडून ठेवू नकोस. फाइलमध्ये माणूस असतो. सक्सेना मॅडमनी तुझा रजेचा अर्ज नऊ दिवस काचेखाली ठेवला आणि ताईच्या लग्नातल्या मंगलाष्टका तू फोनवर ऐकल्यास. तसा साहेब होऊ नकोस. झालास, तर मला तोंड दाखवू नकोस.’

त्या वेळी मॅडम माझ्या अंडर सेक्रेटरी होत्या. आज मी बसतो त्याच खुर्चीत.

“काँच के नीचे नहीं था,” त्या म्हणाल्या. “ड्रॉवर में था. बाकी सही है.” मग चष्मा काढला. “बहन की शादी थी, ये आपने अर्ज़ी में लिखा क्यों नहीं?”

“लिखा था, मॅडम.”

“अच्छा.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. परत वळल्या तेव्हा पुन्हा डायरेक्टर झाल्या होत्या. “असल में आप इस फाइल पर क्या लिखने वाले थे?”

पत्रातलं पहिलं मूल्य होतं, खरं बोल. त्याखाली लाल रेघ नव्हती.

“जी, कुछ इसी भाव का,” मी म्हणालो.

“मतलब सिफ़ारिश?”

“बिल्कुल, मॅडम.”

“और सिफ़ारिश लिखने में कितने दिन लगे?”

मी छताकडे पाहून हिशेब केल्यासारखं केलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ई-ऑफिस हेही दाखवतं. हे मात्र रेश्माने मला शिकवलं नव्हतं. “इकतालीस दिन. और मेरे नौ दिन पर आपने पूरा पैरा लिख दिया!”

मॅडमनी माझ्यासमोरच टाइप केलं: ‘अवर सचिव की टिप्पणी का पैरा तीन देखें. अनुरोध स्वीकृत. आज ही आदेश जारी हो.’ ओटीपी. क्लिक. माझ्या कारकिर्दीत माझ्या नोटेवर इतक्या लवकर निर्णय कधी झाला नव्हता.

आदेश रेश्मानेच ड्राफ्ट केला. मी फक्त क्लिक केलं. “तुझं काम झालं बघ,” मी मोठेपणाने म्हणालो. तिने “थँक यू सर” म्हटलं, पण मला नव्हे, स्क्रीनवरच्या ग्रीन नोटकडे बघून. बरोबरच होतं. तिचं काम करणारा माणूस सत्तावीस वर्षांचा होता.

रविवारी राजिंदर नगरला भाषण दिलं. पहिलं सोडून मूल्यं चारच सांगितली. स्वतःला उपदेश करायचाच असेल तर पाकिटाला डिंक लावू नका, एवढं आपल्या मनाने जोडलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. यूपीएससीची मुलं काहीही उतरवून घेतात.

तीस तारखेच्या आधी रेश्मा नागपूरला रुजू झाली. जाताना तिच्या जागी येणाऱ्यासाठी दोन पानांची हँडओव्हर नोट ठेवून गेली. कोणती फाइल कुठे आहे, कुणाला कधी आठवण करून द्यायची, पासवर्ड कोण बदलतं, सगळं नीट. ती मी वाचावी असा तिचा हेतू नसावा, पण मी वाचली. पहिलाच मुद्दा ठळक अक्षरांत होता: ‘सरांना ग्रीन नोटसमोर एकटं बसू देऊ नये.’