पहिल्या चिठ्ठीला उठायचं नाही

मोहोपाड्याहून स्कूटर काढली तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. पौषातली थंडी होती आणि आरसा दवाने भिजला होता. अप्पांनी तो खांद्यावरच्या पंच्याने पुसला. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण मी प्रवासाला निघाले की सूचना पंचवीस वर्षांच्या उत्साहाने देतात. हेल्मेट नीट लाव, चौक गावाच्या पुढे डंपरवाले कुणाचे नसतात, एवढं झालं. मग आरशाकडे बघतच म्हणाले, "कर्जतच्या थेटराकडे जाणार आहेसच, तर तो ऑपरेटर जिवंत आहे का बघ. कासम नाव त्याचं. भेटला तर एवढंच विचार, चिठ्ठी उशिरा का दाखवलीस."

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि आता निवृत्त आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी मी आमच्या भागातली जुनी थिएटरं बघत, त्यांच्यावर वहीत लिहीत हिंडते. कर्जत-खालापूरकडे जायचं कधीचं राहिलं होतं, कारण त्या थिएटराचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

ते का, हे आधी सांगते. अप्पा मूळचे पळसदरीचे. तरुणपणी सिनेमाचं वेड एवढं, की घरातलं काम सोडून सायकलवरून कर्जतला तीनच्या खेळाला जायचे. एका दुपारी आजोबांच्या छातीत खळ्यावर (भात झोडायची सारवलेली जागा) कळ आली. अप्पांचा चुलतभाऊ गणू सायकल मारत थेटरावर गेला. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. आतल्या माणसाला बोलवायचं तर दारवानाकडे चिठ्ठी द्यायची. दारवान ती वर मशीनच्या खोलीत न्यायचा, ऑपरेटर काजळी धरलेल्या काचेवर सुईने नाव लिहायचा, आणि चालू सिनेमात पडद्याच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटायची: पळसदरीच्या महादूने ताबडतोब बाहेर यावे. त्या दिवशी ही चिठ्ठी उशिरा दिसली, असं अप्पा सांगतात. ते घरी पोहोचले तेव्हा आजोबा गेलेले होते. एकुलता एक मुलगा असून बापाच्या तोंडात पाणी शेजाऱ्याने घातलं. त्यानंतर अप्पांनी एकही सिनेमा पाहिला नाही. पनवेलला नातवंडांनी हौसेने तिकिटं काढली, तर हे तीन तास गाडीत बसून राहिले.

चौकहून कर्जतचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं, आणि त्यातल्या ओलीवर पेरलेला वाल. मध्येमध्ये फार्महाउसच्या कुंपणभिंती. त्यांच्या फाटकांवरची नावं वाचत गेले, एकही या मातीतलं वाटलं नाही. आपण म्हातारे झालो की असलं वाटत राहतं, म्हणून सोडून दिलं.

कर्जतला आधी वडापाव खाल्ला आणि मग थेटर शोधलं. शोधायचं काय, तिथे आता टाइल्सचं दुकान आहे. मालक पस्तिशीचा, गोड बोलणारा. मला गिऱ्हाईक समजून त्याने बाथरूमच्या चार प्रकारच्या फरशा दाखवल्या. मी खरं कारण सांगितलं तेव्हा जरा हिरमुसला, पण माणूस चांगला. म्हणाला, "मॅडम, थेटर गेलं पण उतार नाय गेला. बघा ना." खरंच, प्रेक्षकांना पुढच्या डोक्यांवरून दिसावं म्हणून केलेला जमिनीचा उतार तसाच आहे. फरशांच्या खोक्यांखाली त्याने लाकडी पाचरी मारल्यात, नाहीतर माल हळूहळू पडद्याच्या दिशेने सरकतो. मागच्या भिंतीत उंचावर दोन चौकोनी भोकं होती, तिथून प्रकाश यायचा. आता एकात पारव्यांनी घर केलंय. मी मान वर करून बराच वेळ बघत राहिले. ऑपरेटरचं विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, पण खालापूरकडचा कुणी होता म्हणतात.

मग पळसदरी. धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारची मंडळी येतात, पण मी गेले मंगळवारी, त्यामुळे गाव आपल्यातच होतं. गणूकाका ओट्यावर उन्हात बसले होते. अप्पांना चिठ्ठी द्यायला गेला होता तोच गणू, आता पंच्याहत्तरीचा. काकूंनी लगेच तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी वाढली. भूक नाही म्हणत मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"काका, त्या दिवशी चिठ्ठी दिल्यावर किती वेळ लागला हो?"

"वीस मिन्टं तरी झाली आसतील," काका म्हणाले. "मी भायेर रडत उभा. दारवान बोलला, चिठ्ठी वर दिली, येल तो. पन येतोय कुठं."

"म्हणजे दाखवलीच नव्हती?"

काका हसले, पण हसू फार वेळ टिकलं नाही. "तुला चिठ्ठ्यांची गंमत ठाव नाय गं. थेटर भरलं की आमी पोरं भायेर र्‍हायचो. बाकड्यावर नंबर नाय, जो बसला त्याची जागा. मग आमी कुनाच्यातरी नावाची खोटी चिठ्ठी द्यायचो. बायको बोलवते, म्हस सुटली, काय बी. तो बिचारा भायेर आला की आमच्यातला एक आत. समद्यांना पाठ झालं व्हतं. पयल्या चिठ्ठीला कोन उठायचाच नाय. पयली दोस्तांची, दुसरी घरची, आसं बोलायचे. खरं काम आसंल तर दुसरी येल." त्यांनी पान लावायला घेतलं. "सगल्यात जास्ती चिठ्ठ्या तुजा बापूसच लिवायचा. अक्षर चांगलं त्याचं."

मी हात धुवायला उठले. अप्पांचं अक्षर खरंच चांगलं आहे, माझ्या शाळेच्या वह्यांवर नावं तेच घालायचे. काकांनी निघताना वालाच्या शेंगांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि कासमभाई खालापुरात तहसील कचेरीच्या मागच्या आळीत राहतो, हेही सांगितलं. एवढं ठाऊक असून पन्नास वर्षांत अप्पांना का सांगितलं नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले, "त्यानं इचारलं कवा?"

खोपोलीवरून खालापूरला आले आणि तिथे माझी फजिती झाली. "कासमभाई ऑपरेटर" म्हणून चौकशी केली, तर लोकांनी मला टोलनाक्याच्या बाजूला जेसीबी चालवणाऱ्या एका पोराकडे धाडलं. त्याचं नावही कासम. तो म्हणाला, "खड्डा किती फुटाचा पायजे?" उन्हात दोन किलोमीटर उलट आले तेव्हा कुठे कचेरीमागची आळी सापडली.

खरे कासमभाई पुढच्या पडवीत बसून कुणाचा तरी टेबलफॅन दुरुस्त करत होते. बारीक अंगाचे, जाड चष्मा, सदरा स्वच्छ. आत सुनेचं शिलाई मशीन चालू होतं. त्यांनी विचारलं, "कुनाच्या तुमी?"

"पळसदरीच्या महादूची मुलगी."

स्क्रूड्रायव्हर थांबला. "बरा हाय ना तो?"

"आहेत बरे. तुम्हाला एक विचारायला सांगितलंय."

"चिठ्ठीचं," ते म्हणाले. "सांग त्याला, उशीर झाला. चूक माझी व्हती."

आता तुम्हाला सांगते, वर्गात एखादा मुलगा इतक्या चटकन गुन्हा कबूल करायला लागला, की मला खात्री व्हायची, हे दुसऱ्याने केलंय. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "कासमभाई, मी आत्ता गणूकाकांकडून आले. पहिली चिठ्ठी दोस्तांची, दुसरी घरची, हे मला कळलंय. आता मला पहिलीचं सांगा."

त्यांनी फॅनची जाळी बाजूला ठेवली. सुनेचं मशीनही आत थांबलं होतं.

"चिठ्ठी आली तशीच लिवली, तशीच लावली," ते म्हणाले. "एक मिनिट नाय दवडलं. माझ्या भोकातून मला खालची मानसं दिसायची. तुजा बापूस तिसऱ्या बाकड्यावर, कडेला. नाव वाचलं त्यानं. दोस्तांनी पाठीवर थापा मारल्या. तो वळला, वर माझ्याकडं बघून हसला आन हात केला, चालू दे म्हणून. मी पन हसलो. मला काय ठाव, पोरी. रोजचंच व्हतं ते."

मी हातातली वही मिटून मांडीवर ठेवली.

"मग दारवान धावत वर आला. बोलला, पोरगा भायेर रडतोय, खरं हाय हे. तवा गानं चालू व्हतं. गान्यात चिठ्ठी लावायची नाय, मालकाचा कायदा. लोकं बाकडी तोडायचे. मी लावली. तोडलीच दोन बाकडी. पन महादू उठला."

"आणि मग अप्पा तुमच्याशी भांडले?"

"पंधरा दिवसांनी आला. खेळ सुटायच्या टायमाला, समद्यांदेखत. माझी गचांडी धरली, बोलला, तू उशीर केलास. मालक बाजूलाच. त्यानं मला इचारलं, खरं काय? मी बोललो, हो, उशीर झाला. मग मालकानं मला मशीनवरून काढला आन चार महिने सायकली सांभाळायला बसवला."

"पण का? खरं सांगायचं होतं."

कासमभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्याचं डोकं भादरलेलं व्हतं गं. बापाच्या दिवसांचं. केस नुकते खुरटे आलेले. आशा मानसाला समद्यांदेखत काय सांगू, तू हसलास म्हनून? ते वझं त्याला पेलनारं नव्हतं. कुठंतरी ठेवायचं व्हतं त्याला, माझ्याकडं ठेवलं. माझी काय, नुसती मशीनच गेली. ती परत मिळाली."

मी विचारलं, आता घरी जाऊन काय सांगू. ते म्हणाले, "उशीर झाला, हेच सांग. ह्या वयात दुसरं काय सांगतीस?"

परतीच्या वाटेवर स्कूटर हळू चालवली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या आईने, आम्ही भावंडांनी, सगळ्यांनी एका परक्या माणसाला आयुष्यभर नावं ठेवली होती. आजोबांच्या दर तिथीला "तो मेला ऑपरेटर" हे शब्द आमच्याकडे ठरलेले. चौकच्या अलीकडे थांबून उसाचा रस प्यायले, आणि तिथे कधीतरी राग ओसरला. पंचविशीतल्या पोराने मित्रांची थट्टा समजून हात हलवला होता, बस. त्याच्या जागी तिथल्या कुणीही तेच केलं असतं. सगळं गावच पहिल्या चिठ्ठीला बसून राहायला शिकलेलं होतं, आणि त्यांना ते शिकवणाऱ्यांत माझे वडील होते. मला अप्पांची इतकी दया पूर्वी कधी आली नव्हती. जुन्या थिएटरांवर लिहायला निघाले होते. वहीत फक्त जमिनीच्या उताराचं टिपण होतं.

घरी पोहोचले तर पाच वाजून गेले होते. अप्पा शेंगांच्या पिशवीकडे बघत म्हणाले, "गणूकडे गेली होतीस?"

"हो. आणि कासमभाईही भेटले."

अप्पांनी पिशवी स्कूटरवरून काढून घेतली.

"ते म्हणाले, उशीर झाला. चूक माझी होती." मी हे मुलांना शुद्धलेखन घालावं तसं स्पष्ट म्हटलं आणि स्वयंपाकघरात जायला वळले.

"अजून तसंच सांगतो?" अप्पांनी मागून विचारलं. मी हो म्हटलं. अप्पा संध्याकाळभर शेंगा सोलत बसले, जेवताना भाकरी तशीच ठेवली. सकाळी मी उठले तेव्हा धोतर-टोपी घालून तयार होते. "रिक्षा बोलाव," म्हणाले. "तुझ्या स्कूटरवर माझं जमायचं नाही." कुठे, हे मी विचारलं नाही. मला एकच धास्ती होती, पुन्हा भांडायला तर निघाले नाहीत ना.

खालापुरात कचेरीमागच्या आळीत रिक्षा थांबली. कासमभाई पडवीतच होते, कालचाच पंखा पुढ्यात. अप्पांनी माझा हात सोडला आणि एकटेच दोन पायऱ्या चढले. पन्नास वर्षं कारखान्याच्या कॉलनीत राहून ते आमच्याशी पुस्तकी बोलतात. तिथे तोंडातून पळसदरीची भाषा आली.

"कासम," ते म्हणाले, "पयलीच दिसली व्हती रं मला."

कासमभाई टेकू घेत उठले. दोघांची उंची सारखीच होती. "ठाव हाय," ते म्हणाले. "मी पन हसलो व्हतो. बस."