वेगळ्या चटया

दुपारचं ऊन कौलांवर चढलेलं. वैजयंती बालवाडीच्या भिंतीला पाठ टेकून बसते. जरा डोळे मिटायचे, एवढाच बेत. चार वाजता संस्थेची माणसं येणार आहेत. मुलं आपापल्या चटईवर, आपापल्या कामात रमलेली दिसली तर बालवाडी राहील, नाहीतर कुलूप. आणि मुलं तर येतच नाहीत. खाडीकाठच्या या वाडीत चटया आल्या आणि मुलं गेली. काल हिरीची आई सोमी दारातूनच फणकारली होती, "आमच्यात सुतक्याला येगली चटई देतात, बाई. आमच्या घरात कोन मेलंय, पोरांना तशी बसवायला?"

पापण्या जड होतात. खाडीवरून मासळीचा वास येतो, मग तोही विरतो.

"पाय आत घे. मुलांच्या वाटेत बाईचे पाय नसतात."

हा आवाज वैजयंतीच्या हाडीमाशी भिनलेला आहे. पद्मजाताई. मुलांना शिकवणं ती यांच्याच हाताखाली शिकली, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना पोचवायला स्मशानापर्यंत गेली. ताईंचा पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अंगाच्या कडा तेवढ्या पुसट आहेत, ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशा.

"ताई, तुम्ही इथे कशा?"

"तू गोंधळ घातलायस असं कळलं. मुलं कुठायत?"

मुलं बसलेली आहेत. खोलीत नाही, खाडीच्या चिखलात. प्रत्येकाखाली ताईंच्या जुन्या शाळेतली वेताची चटई. हिरीच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ आहे.

"त्याला घरी ठेवून ये," ताई हिरीला सांगतात. "एक मूल, एक चटई, एक काम."

"घरी कोन नाय. आई खेकड्यांना गेलीय."

"वैजू, अगं, या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर हे ओझं?"

"डोक्यावर कुठंय?" हिरी म्हणते. "कडेवर हाय."

वैजयंतीला हसू फुटणार, एवढ्यात पायाला गार लागतं. भरती आली आहे. चटया चिखलातून सुटतात आणि पाण्यावर तरंगू लागतात, एकमेकींपासून लांब. मुलं ओरडत नाहीत. हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसलेली.

"ताई, मुलं चाललीयत!"

"शांत आहेत बघ. किती छान."

"ही कामात रमल्याची शांतता नाही, ताई! सुतकात बसतात तशी बसलीयत." वैजयंतीचा आवाज चढतो. ताईंसमोर तो आजवर कधी चढलेला नाही. "चटई एवढी मोठी झाली का मुलांपेक्षा?"

ताई चष्मा काढतात. "माझी मुलं चाळीतली होती. चौघांत एक पांघरूण. खेळणं हातात घेतलं की दुसरा ओढायचा. आपली म्हणावी अशी हातभर जागा मिळाली की ती मुलं फुलायची. ते बघितलं, म्हणून चटई आणली."

"मग इथली मुलं?"

"इथली मी कुठे बघितली?"

पाणी गुडघ्यावर येतं. लांबून हिरी विचारते, "ती म्हातारी बाय येगल्या चटईवर का बसलीय? कोन मेलंय?"

ताई खाली बघतात. त्याही चटईवर बसलेल्या आहेत, एकट्या, आणि ती चटई केव्हाच सुटली आहे.

"मीच," त्या हळू म्हणतात.

वैजयंती झेप घेऊन त्यांच्या चटईची कड पकडते. दुसऱ्या बाजूने हिरीची चटई वाहत जवळ येते, भोवऱ्यासारखी गिरकी घेते. धाकट्याचा पाय पाण्यात लोंबतोय.

"माझी सोड, वैजू."

"नाही, ताई."

"अगं, मी गेलेली आहे. तिची धर!"

वेताची कड तळहाताला ओरबाडत सुटते. ताई मागे वळून बघत नाहीत. वैजयंती पाण्यात हात घालते, हिरीची चटई तिच्या बोटांना लागते—

कौलातून उन्हाची तिरीप तोंडावर पडली आहे. कोपऱ्यात संस्थेच्या चटया, नव्याकोऱ्या, सुती, गुंडाळलेल्याच आहेत. वैजयंती उठते, त्यांच्याकडे न बघता बाहेर पडते आणि सोमीच्या अंगणात जाते.

"सोमी, लग्नात पंगतीला अंथरता ती लांब चटई दे. सगळी पोरं तिच्यावरच बसतील. हिरीचा भाऊसुद्धा."

"कोनाचं लगीन हाय?" सोमी डोळे बारीक करते. "आनि तुमचे साहेब?"

"त्यांनाही त्याच चटईवर बसवू. नाही पटलं तर लावू देत कुलूप. आपण झाडाखाली भरवू."

सोमीची नजर खाली जाते. "बाई, हाताला काय झालं?"

तळहातावर लाल ओरखडा आहे, त्याच्या टोकाला बारीक, टोकदार कूस रुतलेली. सोमी नखांनी ती उपसते, उजेडात धरते.

"येताच्या काडीची हाय. आमच्या चटया शिंदीच्या पानांच्या. ही कुठून आनलीत?"

कूस अजून ओली आहे.