कुंभवलीच्या बेडकातलं औषध

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच कळत नाही.

नव्वदच्या दशकात मी बेडकांच्या मागे होतो. हसू नका. बेडकाच्या कातडीवरच्या चिकट द्रवात जंतू मारणारी इवली प्रथिनं असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. पालघरच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता मी दोन ठिकाणच्या बेडकांची तुलना करायचो — एक घिवलीच्या शेतातले, दुसरे कुंभवलीतले, कारखान्यांमागच्या नाल्याकाठचे. बशीत जंतू वाढवायचे, त्यावर तो द्रव थेंबभर टाकायचा. जंतू मेले की तिथे स्वच्छ गोल उमटतो. घिवलीचा गोल जेमतेम मुगाएवढा. कुंभवलीचा सुपारीएवढा. मी हवेत होतो.

घिवलीत ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या जानकीकाकूंना चहा पिता पिता सांगून टाकलं, कुंभवलीच्या बेडकात जबरदस्त औषध आहे. प्रथिनं वगैरे कुठे समजावत बसणार?

मग एकदा नुसतं नाल्याचं पाणी बशीत टाकून पाहिलं. हे खरं तर आधी करायचं असतं, मुलांना मीच शिकवायचो. गोल तेवढाच आला. म्हणजे बेडकाचं काहीच नव्हतं. जंतू मारत होतं ते कातडीला लागलेलं कारखान्याचं पाणी. शेतावर फवारतात त्या विषालाही आपण औषधच म्हणतो ना? — त्या अर्थाने मी खोटं बोललो नव्हतो. ही पळवाट मी किती वेळा काढली असेल. कारण तोवर माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी चारचौघांत पाठ थोपटली होती, आणि मला ती थाप हवी होती.

त्याच पावसाळ्यात काकूंचे यजमान दामूकाका यांच्या तळपायात कालवाची शिंप घुसली. होडीचे तांडेल, म्हणजे म्होरके ते, अंगात साखरेचा आजार. जखम चिघळली. संध्याकाळी घरी आलो तर काकू बेडकाची कातडी घेऊन बसलेल्या. भावाला कुंभवलीला पाठवून मुद्दाम आणवली होती.

"तुमीच बोलला ना सर, यात औषध हाय?"

नाही म्हणायचं होतं. दवाखान्यात न्या, एवढंच. काय जात होतं माझं? मी हो म्हटलं.

पुढे रोज तो पाय बघत होतो. काळा पडत चालला होता. उद्या सांगू, उद्या नक्की — असं करत राहिलो. शेवटी शेजाऱ्यांनी उचलून नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. काका पुन्हा होडीवर चढले नाहीत. ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी सांधत राहिले.

काकूंनी मला कधी बोल लावला नाही. उलट शेजारणींना सांगायच्या, "सरांचं औषध चांगलंच हाय, आमीच बांधायला उशीर केला." मी तिथेच उभा असायचो.

आता दोघंही नाहीत. कोणाला जाऊन सांगू?

आणखी एक राहिलं. त्या संध्याकाळी ती ओली कातडी सारखी घसरत होती, काकूंना एकटीने बांधता येईना. पाय मी धरला होता.